आघाडीला वजनदार माणसं हवीत

हॉकीत आघाडीला खेळणारा माणूस अंगानं दणकट असावा की हातानं चलाख, हा प्रश्न वजनमापे कार्यालयाच्या साहेबांनी भर सभेत विचारला. विचारला याबद्दल कुणाची तक्रार नाही. पण तो त्यांनी नेमका एकीकडेरावांना विचारला, आणि तिथेच माशी शिंकली. दुसरा कुणी असता तर ‘दणकट’ किंवा ‘चलाख’ यांतला एक शब्द टाकून मोकळा झाला असता. एकीकडेरावांना मोकळं होता येत नसे.

त्यांचं खरं नाव पगारपत्रकात होतं आणि तिथेच राहत असे. जन्म गेला दुकानदारांचे तराजू तपासण्यात, त्यामुळे एक पारडं दिसलं की दुसरं पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. कुठल्याही प्रश्नाला त्यांचं उत्तर “एकीकडे पाहिलं तर” असं सुरू व्हायचं आणि बऱ्याच वेळानं “दुसरीकडे मात्र” या थांब्यावर पोचायचं. ऐकणाऱ्याला तेवढा दम असेलच असं नाही. एकदा दाढ दुखली म्हणून ते डेंटिस्टकडे गेले. कुठे दुखतंय, असं विचारल्यावर त्यांनी सवयीनं डावीकडून सुरुवात केली, आणि डेंटिस्ट घाईत होता, त्यानं डावीकडची दाढ उपटली. दुखणारी दाढ दुसरीकडे होती. “पण त्यात डॉक्टरांची बाजूही समजून घेतली पाहिजे,” असं एकीकडेराव सुजलेल्या गालानं दोन दिवस सांगत होते.

मात्र जगात एक जागा अशी होती की जिथे त्यांना दुसरी बाजू सुचतच नसे, आणि ती जागा म्हणजे हॉकीचं मैदान. एकीकडेराव हाडकुळे होते, बुटके होते. शाळेपासून लोक त्यांना काडीपैलवान म्हणत आले होते. पण स्टिक हातात आली की या काडीला पालवी फुटायची. कार्यालयाच्या संघात ते वर्षानुवर्षं लेफ्ट इनला, म्हणजे आघाडीच्या फळीत डावीकडून दुसऱ्या जागी, खेळत. चेंडू त्यांच्या स्टिकला चिकटून दोघातिघांच्या पायांमधून असा निघायचा की ते तिघे नंतर एकमेकांकडे संशयानं बघत राहायचे. वर्षातून एकदा सामना असायचा, वीज कार्यालयाविरुद्ध. त्या एका संध्याकाळच्या जोरावर एकीकडेराव उरलेलं वर्ष काढायचे. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, पण त्यांच्या बायकोला ते ठाऊक होतं.

मागच्या वर्षीचा सामना वजनमापेवाले हरले. वीजवाल्यांनी आघाडीला खांबावर चढणारे वायरमन घातले होते. एकेकाचे खांदे दाराच्या चौकटीएवढे. ते चेंडू घेऊन यायचे तेव्हा वाटेतली माणसं आपण होऊन बाजूला व्हायची, आणि जी व्हायची नाहीत त्यांना केलं जायचं. हरण्याचं दुःख साहेबांनी पचवलं असतं. पण वीज कार्यालयाचे साहेब त्यांच्याच इमारतीत, त्यांच्याच मजल्यावर राहत, आणि रोज सकाळी लिफ्टचं दार धरून “या, या, आधी तुम्ही. हरलेल्यांना आधी” असं हसून म्हणत. वर्षभर हे ऐकून साहेब अखेर जिन्यानं उतरू लागले, आणि गुडघे दुखू लागल्यावर त्यांनी सभा बोलावली.

तर त्या सभेत साहेबांनी विचारलं, “आघाडीला काय हवं? अंग की अक्कल? तुम्ही आघाडीला खेळता, तुम्ही सांगा.”

एकीकडेराव उभे राहिले. आपलं मत त्यांना पक्कं माहीत होतं. चलाखी! दणकटपणाचा मुद्दा ते पुराव्यानिशी मोडून काढणार होते. पण जुन्या शास्त्रीपंडितांची एक रीत आहे. आधी पूर्वपक्ष मांडायचा, म्हणजे समोरच्याचं म्हणणं, आणि तेही असं की समोरच्यानं मान डोलवावी. मग उत्तरपक्ष करून ते पार भुईसपाट करायचं. एकीकडेरावांनी हीच रीत धरली. शास्त्रीपंडितांच्या काळी सभेत चहा येत नसे, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

“एकीकडे पाहिलं तर,” त्यांनी सुरुवात केली, “चेंडू स्टिकनं अडतो, पण माणूस माणसानंच अडतो. काडीपैलवान गोलापुढच्या डी-पर्यंत कितीही नाचत गेला तरी तिथे एक धक्का बसला की नाच संपला. मागच्या वर्षी आमचे किती जण आडवे झाले, ते आपण पाहिलंत. तेव्हा साहेब, एकीकडे पाहिलं तर आघाडीला वजनदार माणसं हवीत.” एवढं बोलून दुसरीकडे वळण्यासाठी त्यांनी श्वास घेतला.

“वा!” साहेबांनी टेबलावर थाप मारली. “याला म्हणतात मोठं मन! स्वतः एवढे बारीक असून काय बोलले बघा. आघाडीला वजनदार माणसं. मंजूर!” त्याच क्षणी चहाचा ट्रे आत आला.

“साहेब, दुसरीकडे मात्र...” एकीकडेराव घाईनं म्हणाले.

“दुसरीकडे बिस्किटं आहेत. घ्या, घ्या.”

चहाचा कप तसाच ठेवून एकीकडेराव हेडक्लार्कच्या टेबलाशी गेले. हेडक्लार्क इतिवृत्त लिहीत होते. जे लिहिलं नाही ते घडलंच नाही आणि जे लिहिलं ते घडलंच पाहिजे, अशी त्यांची श्रद्धा होती.

“माझं बोलणं अर्धंच झालं हो,” एकीकडेराव म्हणाले.

“जे अर्धं झालं ते मंजूर झालं.”

“पण उरलेल्या अर्ध्यात मी त्याच्या उलट बोलणार होतो.”

“मग ते पुढच्या सभेत बोला. पुढची सभा सामन्यानंतर.” हेडक्लार्कांनी शाई वाळावी म्हणून कागदावर फुंकर घातली. “आणि एक विचारू? मंजूर झालेल्या ठरावाला ठराव मांडणाऱ्यानंच विरोध करायचा? काय म्हणतील लोक?”

घरी आल्यावर एकीकडेरावांनी बायकोला हे सगळं सांगायचं नाही असं ठरवलं, आणि बूट काढता काढता सांगून टाकलं.

“म्हणजे तुम्ही स्वतःच भाषण ठोकून स्वतःला संघातून काढलंत?” बायको म्हणाली.

“काढलं असं नाही. एकीकडे पाहिलं तर...”

“त्या एकीकडेनंच दाढ गेली, आता संघ गेला. स्वतःच्या हातानं स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा, तोही शिक्का मारलेल्या वजनाचा!” पण हे बोलताना तिनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि पुढचं वाक्य गिळलं. एकीकडेराव कोपऱ्यातली स्टिक घेऊन खिडकीशी बसले होते आणि तिच्या मुठीवरची पट्टी उगाचच सोडून पुन्हा गुंडाळत होते. नोकरी गेली असती तरी माणूस इतका खचला नसता, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी फलकावर सूचना लागली. आघाडीसाठी इच्छुकांनी कार्यालयाच्या मोठ्या काट्यावर वजन करून घ्यावं, आणि किमान वजन अमुक असावं. ते अमुक म्हणजे एकीकडेराव अधिक त्यांचा अंथरूण-पांघरुणाचा संसार. तरीही त्यांच्या मनानं उचल खाल्ली. वजनच हवंय ना? मग वाढवू! चलाखी काही दोन आठवड्यांत येत नाही, वजन येतं. निदान समोरच्या मावशींचं तसं म्हणणं पडलं.

समोरच्या मावशी सल्ला द्यायला नेहमीच दारात उभ्या असत, फक्त प्रश्न यायचा बाकी असे. “केळी खा. सकाळी केळी, दुपारी केळी, रात्री केळी आणि वर दूध. आणि जेवलात की लगेच आडवे व्हा. आमचे हे एवढंच करतात, बघा कसे झालेत.” मावशींचे हे त्यांच्या मागे खुर्चीत होते. ते कसे झालेत ते पाहायला दारातून पूर्ण दिसत नव्हते.

वरच्या मजल्यावरचे मास्तर निवृत्त होईपर्यंत फिजिक्स शिकवत होते आणि निवृत्त झाल्यावर ते जिन्यात शिकवू लागले. “अहो, केळी कसली खाता! धक्क्याचा जोर म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. तुमच्याकडे वस्तुमान नाही ना? वेग वाढवा, हिशेब जुळतो.”

“पण मास्तर, वजन काट्यावर उभं राहून करायचंय.”

“मग काट्यावर वेगानं जा! उडी मारून उभे राहिलात तर काटा क्षणभर तुमच्या दुप्पट दाखवेल. तो क्षण टिपणारा क्लार्क तेवढा आपला हवा.”

मास्तरांच्या आग्रहाखातर घरच्या काट्यावर प्रयोग झाला. एकीकडेरावांनी स्टुलावरून उडी मारली. काट्याची सुई दुपटीवर गेली, तिपटीवर गेली आणि मग तिथून परत आलीच नाही. मास्तर सिद्धांत सिद्ध झाल्याच्या आनंदात वर निघून गेले. बायको तेवढ्या आनंदात नव्हती. केळ्यांचंही तसंच झालं. चौथ्या दिवशी पोट असं बिघडलं की मुळात होतं त्यातलंही बरंच वजन एकीकडेरावांनी गमावलं. मावशींनी दारातून पाहिलं आणि “आता ताक प्या” असं सांगितलं.

वजनाची तारीख जवळ आली तेव्हा एकीकडेरावांची नजर स्वतःच्या कामाच्या पिशवीकडे गेली. त्या पिशवीत कायम पितळी वजनांचा एक संच असे. दुकानदाराचा काटा खरा की खोटा ते त्याच वजनांनी ठरायचं. मापात पाप करणाऱ्यांना पकडण्यात त्यांची हयात गेली होती. पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक त्यांनी पकडलं होतं, पोकळ दांडीत ओतलेलं शिसं पकडलं होतं. असा हा माणूस जाड स्वेटर उलटा करून त्याला आतून खिसे शिवायला बसला!

“हे पाप तुम्ही करणार?” बायको दोरा ओवून देत म्हणाली.

“पाप कसलं? वजनं प्रमाणित आहेत,” एकीकडेराव म्हणाले. बायकोनं सुई त्यांच्या हातून काढून घेतली आणि खिसे दुहेरी टाक्यांनी शिवून दिले.

वजनाच्या दिवशी कार्यालयाच्या दालनात मोठा काटा मांडला होता. शेजारी खुर्चीवर साहेब आणि वही घेऊन हेडक्लार्क. गोदाम सांभाळणारा एक अगडबंब गडी, ज्याला सगळे प्रेमानं ‘पोतं’ म्हणत, तो काट्यावर चढला तेव्हा काटा कण्हला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग एकीकडेरावांचा पुकारा झाला. भर उकाड्यात स्वेटर घालून ते हळूहळू पुढे आले. चालताना आवाज होऊ नये म्हणून त्यांनी दोन्ही हात पोटाशी धरले होते. पोट अजून बरं नाही वाटतं, असं कुणीतरी कळवळून म्हणालं.

काट्यापाशी पोचेपर्यंत सगळं ठीक होतं. पण पुढे काटा दिसला की आधी वाकून शिक्का बघायचा, ही त्यांची सवय हाडात मुरलेली. ते वाकले. शिक्क्याची मुदत संपलेली होती. जी मुदत चुकली म्हणून ते गावभरच्या वाण्यांना दंड करत, ती खुद्द वजनमापे कार्यालयाच्या काट्याची कधीच उलटून गेली होती. त्यांच्यातल्या लेफ्ट इननं तोंडावर हात ठेवायच्या आत त्यांच्यातलाच निरीक्षक ओरडला, “थांबा! हा काटा बेकायदेशीर आहे!”

आणि त्याच वाकण्यात स्वेटरमधून एक पितळी वजन निसटलं, ठण्ण करून फरशीवर पडलं आणि गडगडत जाऊन साहेबांच्या बुटाला टेकलं.

साहेबांनी वजन उचललं. “हे काय?”

“प्रमाणित वजन आहे, साहेब,” एकीकडेराव म्हणाले. ते खोटं नव्हतं. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या आणि जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं त्यांना वाटत होतं.

साहेबांनी एकदा शिक्का पाहिला, एकदा वजन पाहिलं आणि ते खुर्चीतून उठले. “म्हणजे तुम्हाला आधीपासून संशय होता! काटा तपासायला तुम्ही स्वतःची वजनं घेऊन आलात! स्वतःची निवड पणाला लावून!” त्यांनी पुढे होऊन एकीकडेरावांना मिठी मारली. मिठीत खणखणाट झाला. “आणि किती आणलीत!” साहेब भारावून म्हणाले.

त्या दिवशी सगळ्यांनी एकीकडेरावांच्या सचोटीची तारीफ केली. ती ऐकताना त्यांना चोरी पकडली गेल्यापेक्षा जास्त घाम फुटला.

काटा तिथल्या तिथे सील झाला. आता तो पुन्हा प्रमाणित व्हायला हवा. त्यासाठी वजनमापे कार्यालयाकडे अर्ज करायला हवा. अर्जदार वजनमापे कार्यालय. पण स्वतःचा काटा स्वतः तपासणं नियमात बसत नव्हतं, तेव्हा बाहेरचा निरीक्षक मागवायचा, आणि बाहेरच्या निरीक्षकांचं येणं म्हणजे सामना होऊन हिरवळ पुन्हा उगवल्यावर. एकीकडेरावांना मनातून उकळ्या फुटू लागल्या. काटा नाही म्हणजे वजन नाही, वजन नाही म्हणजे ठरावाची अंमलबजावणी नाही. त्यांनी घरी जाऊन स्टिकला तेलपाणी केलं.

पण हेडक्लार्क जिवंत असेपर्यंत मंजूर ठराव असा वाऱ्यावर सुटणार नव्हता. त्यांनी इतिवृत्त काढलं, चष्मा पुसला आणि साहेबांपुढे वाचून दाखवलं. “‘आघाडीला वजनदार माणसं हवीत.’ बरोबर? यात काट्याचा उल्लेख कुठे आहे? वजनदार म्हणजे काट्यावर जड, असं कुणी म्हटलं? ऑफिसात ज्याच्या शब्दाला वजन, तो वजनदार.”

साहेब विचारात पडले. विचारात पडल्यावर त्यांना जो कुणी हात देई त्याचं ते ऐकत. संध्याकाळी यादी लागली. सेंटर फॉरवर्डला साहेबांचे पीए, ज्यांच्या परवानगीशिवाय साहेबांना कुणी भेटू शकत नसे. एका बगलेला युनियनचे सेक्रेटरी, दुसऱ्या बगलेला साहेबांचे मेहुणे, जे कार्यालयाला खुर्च्या पुरवत आणि म्हणून कार्यालयाचेच समजले जात. राईट इनला सगळ्यांची बिलं अडवणारे मुख्य लेखापाल. आणि लेफ्ट इनला स्वतः हेडक्लार्क. खाली बारीक अक्षरांत एकीकडेरावांचं नाव होतं, व्यवस्थापक म्हणून. पाण्याच्या बाटल्या आणि मलमपट्टीची पेटी त्यांच्याकडे.

सराव पाहायला एकीकडेराव पेटी मांडीवर घेऊन बाकावर बसत. या फळीचं वैशिष्ट्य असं की चेंडूकडे कुणी जात नसे. प्रत्येकाची अपेक्षा चेंडूनं आपल्याला येऊन भेटावं अशी. पीए तर चेंडू थेट आला की नाराज होत, मधल्या कुणामार्फत आला तरच घेत. लेखापालांकडे चेंडू गेला की तो पुढे सरकतच नसे. सेक्रेटरी जोरात धावायला तयार होते, पण बाकीच्यांवर तशी सक्ती नसेल तरच. एकीकडेरावांचे पाय बाकाखाली आपोआप हलत. “अहो, तिरका द्या, तिरका!” असं ते पुटपुटत आणि पेटी घट्ट धरून बसत.

एकदा सराव संपल्यावर त्यांनी घरी येऊन बायकोला सांगितलं, “व्यवस्थापकाचं पद तसं मानाचं आहे.”

“बरं.”

“एकीकडे पाहिलं तर दुखापतीचा धोका नाही.”

“आणि दुसरीकडे?” बायकोनं विचारलं. एकीकडेराव अर्ध्या जेवणावरून उठले.

सामन्याच्या संध्याकाळी मैदान भरलं होतं. वीजवाले उतरले आणि वजनमापेवाल्यांचे डोळे विस्फारले. खांबावर चढणारे ते राक्षस कुठेच दिसेनात! आघाडीला पाच लहानखुरे, वळवळे गडी. झालं होतं असं की गुडघ्यांपायी साहेब पुन्हा लिफ्टनं उतरू लागले होते आणि लिफ्टच्या दारात त्यांच्या तोंडून “यंदा आमची आघाडी वजनदार आहे” एवढं निसटलं होतं. वीजसाहेबांनी ते ऐकलं आणि वायरमन बसवून आघाडीला मीटर वाचणारे घेतले. घरोघरची कुत्री चुकवून मीटर गाठण्यात त्यांचा दिवस जायचा. पाच वजनदार माणसांना चुकवणं त्यांना सुट्टीसारखं वाटलं.

पूर्वार्धात चेंडू वजनमापेवाल्यांच्या डी-तून बाहेर येईना. गोलमागून गोल बसले. पंचांनी फाऊल दिला तेव्हा सेक्रेटरींनी “तुम्ही कुणाशी बोलताय ते माहीत आहे का?” असं विचारलं. पंचांना माहीत नव्हतं, त्यांनी खिशातून कार्ड काढून दाखवलं. मेहुणे मैदानाच्या कडेला उभे राहून फोनवर खुर्च्यांचा सौदा करत होते. मध्यंतरानंतर हेडक्लार्क एका मीटरवाल्याच्या मागे धावायला गेले, म्हणजे त्यांनी धावायचं मनात आणलं, आणि पाठीत उसण भरून जागच्या जागी बसले. एकीकडेराव पेटी घेऊन धावत गेले. हेडक्लार्कांना बाहेर आणलं, मलम लावलं, खाली आडवं केलं.

लेफ्ट इनची जागा रिकामी झाली.

साहेब घाम पुसत बाकाशी आले. बाकावर पोतं बसलं होतं, आणि त्यानं बुटाच्या नाड्या बांधायला घेतल्या होत्या. “सांगा,” साहेब एकीकडेरावांना म्हणाले, “ठराव तुमचा आहे. कुणाला घालू? याला घालू ना?”

एकीकडेरावांनी पोत्याकडे पाहिलं. गडी चांगला होता, आशेनं बघत होता. धक्का तर त्याचा असा की मीटरवाले दोन दिवस मीटर वाचणार नाहीत. “एकीकडे पाहिलं तर...” एकीकडेराव म्हणाले आणि थांबले. समोर मैदानात चेंडू डाव्या बाजूला मोकळा पडला होता. त्याच्याकडे कुणीही जात नव्हतं. आयुष्यभर दोन्ही पारडी तोलली, पण कुठल्याच पारड्यात स्वतःला कधी ठेवलं नाही, असं त्यांना त्या क्षणी वाटून गेलं, आणि आपलाच आपल्याला राग आला.

“मला,” ते म्हणाले.

“काय?”

“मला घाला, साहेब. ठरावाचं राहू द्या. तो पूर्वपक्ष होता.”

साहेबांना पूर्वपक्ष म्हणजे काय ते कळलं नाही, पण विचारायला एकीकडेराव तिथे नव्हते. हेडक्लार्कांची कोरी स्टिक उचलून ते मैदानात शिरले होते. तिच्यावर पांढऱ्या रंगात कार्यालयाचा मालमत्ता क्रमांक टाकलेला होता. पायांत रोजचे काळे बूट, अंगात इस्त्रीचा शर्ट आणि गळ्यात पंचांना पाणी द्यायची बाटली. ती त्यांनी धावता धावता भिरकावली.

आणि मग चेंडू त्यांच्या स्टिकला लागला. बस, एवढंच हवं होतं त्यांना! एका मीटरवाल्याला त्यांनी उजवीकडे पाठवलं आणि स्वतः डावीकडून निघाले. दुसरा आडवा आला, त्याच्या पायांतून चेंडू काढला. तिसऱ्याला बिचाऱ्याला कुत्र्यांचा अनुभव होता, काडीपैलवानाचा नव्हता. प्रेक्षकांत बायको उभी राहून ओरडत होती आणि आपण ओरडतोय याचं तिला भान नव्हतं. गोलकीपर पुढे आला. एकीकडेरावांनी चेंडू अलगद त्याच्या बाजूनं आत ढकलला, आणि जाळी हलली तेव्हा ते इतके हसले की त्यांची गेलेली दाढ साऱ्या मैदानाला दिसली.

सामना हरलाच. एका गोलानं सामना जिंकायचा तर आधी इतके गोल खाल्लेले असू नयेत. एकीकडेरावांना नडगीवर एक सणसणीत फटकाही बसला आणि घरी ते बायकोच्या खांद्याला धरून लंगडत आले. बायकोनं नडगी शेकता शेकता त्यांना चार शब्द सुनावले, पण त्यांतल्या एकालाही धार नव्हती.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. साहेब खुशीत होते. त्या सकाळी लिफ्टमध्ये वीजसाहेबांनी दार धरलं होतं, पण “हरलेल्यांना आधी” असं न म्हणता “तो तुमचा बारका कोण हो?” असं विचारलं होतं. साहेब वर्षभरात पहिल्यांदा ताठ मानेनं तळमजल्यावर उतरले होते. पाठीमागे उशी घेऊन हेडक्लार्कही बसले होते.

“तुमचं या ऑफिसात वजन वाढलं आता,” साहेब म्हणाले. “आम्ही ठरवलंय, पुढच्या वर्षापासून निवड समितीचे अध्यक्ष तुम्ही. स्वतंत्र खोली. हातांची खुर्ची, मेहुण्यांकडून. दारावर पाटी. संघात कोण खेळणार, कोण नाही, सगळं तुमच्या शब्दावर.”

“फक्त एक बारीक अट,” हेडक्लार्क उशी सरकवत म्हणाले. “निवड करणाऱ्याला स्वतः खेळता येणार नाही. नियमच आहे.”

एकीकडेरावांनी ऐकून घेतलं. इतक्या वर्षांत त्यांच्या वाट्याला पाटी आली नव्हती. समोरच्या मावशी, वरचे मास्तर, सासरची माणसं, साऱ्यांना दाखवावं असं हे पद. शिवाय नडगी ठणकत होती आणि वय काही मागे फिरणार नव्हतं. साहेब मागे रेलले, हेडक्लार्कांनी घड्याळ पाहिलं. आता एकीकडे येणार, दुसरीकडे येणार, निदान जेवणाच्या सुट्टीपर्यंत सुटका नाही, याची दोघांनी मनाची तयारी केली.

“नाही, साहेब,” एकीकडेराव म्हणाले.

“नाही?” साहेब चमकले. “असं एकदम? अहो, विचार करा. एकीकडे पाहिलं तर...”

“एकीकडे काही नाही आणि दुसरीकडेही काही नाही. वजनदार माणसं तुमच्याकडे पुष्कळ आहेत, त्यांतला कुणीही अध्यक्ष करा. मी लेफ्ट इनला खेळणार.”

हेडक्लार्कांनी पेन उघडलं खरं, पण ते कागदावर टेकेना. “हे लिहू काय मी? एवढं मानाचं पद नाकारायला काहीतरी कारण लागतं.”

“लिहा की, मी हलका माणूस आहे,” एकीकडेराव म्हणाले, आणि लंगडत बाहेर गेले.